ओ-रिंग बदलायला गेले आणि कॅमशाफ्ट सेन्सर तोडून बसले

शनिवारी सकाळी बोनेट उघडले तेव्हा माझ्या हिशेबाने काम अर्ध्या तासाचे होते. ते प्रत्यक्षात पंधराव्या दिवशी दुपारी संपले. मधल्या काळात इंजिनाचा कॅमशाफ्ट सेन्सर (झडपा उघडणारा कॅमशाफ्ट कुठे फिरला आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा भाग) माझ्याच हातून तुटला, त्याचा अर्धा भाग सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, अडकून राहिला, चुकीचा सुटा भाग मागवला गेला, तो परत करण्यासाठी अर्ज भरावे लागले आणि मग एकदाचे सगळे मार्गी लागले. त्या दिवसांत मी जे शोधत होते ते कुठेच सलग सापडले नाही, म्हणून घडले तसे क्रमाने लिहीत आहे. गाडीचे मॉडेल मुद्दाम लिहिलेले नाही, कारण हा सेन्सर अनेक गाड्यांत साधारण अशाच रीतीने बसवलेला असतो आणि मी केलेली चूक त्यांपैकी कोणत्याही गाडीत करता येते.

मूळ तक्रार अगदी किरकोळ होती. सिलिंडर हेडच्या एका टोकाला, जिथे हा सेन्सर बसतो, तिथे ऑइलचा ओलसर पट्टा दिसू लागला होता आणि त्यावर धूळ बसून काळा थर तयार झाला होता. ऑइल थेंबथेंब गळत नव्हते, नुसते पाझरत होते. सेन्सरच्या दांड्याभोवती एक रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षे इंजिनाची उष्णता सोसून ते रबर कडक होते, त्याचा गोलवा जाऊन ते चपटे पडते आणि मग ऑइल वाट काढते. अशा वेळी सेन्सर बदलावा लागत नाही, फक्त ओ-रिंग बदलली तरी पुरते. मी ती मापाने आणली होती. एक बोल्ट काढायचा, सेन्सर वर ओढायचा, ओ-रिंग बदलायची आणि सेन्सर परत बसवायचा, एवढेच काम माझ्या डोळ्यांसमोर होते.

इंजिन पूर्ण थंड होते. बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले, कनेक्टर सोडवला आणि दहा नंबरच्या सॉकेटने बोल्ट काढला. कनेक्टरबाबत एक गोष्ट इथेच सांगते: खटका दाबून थेट ओढू नये. आधी कनेक्टर सेन्सरच्या दिशेने किंचित आत ढकलावा, म्हणजे खटक्यावरचा ताण जातो, आणि मग खटका दाबून तो बाहेर घ्यावा. जुन्या गाडीत हे खटके इतके ठिसूळ झालेले असतात की नुसते नख लागले तरी मोडतात. हे मला ठाऊक होते आणि मी ते नीट केलेही. प्लॅस्टिक ठिसूळ होते हे कनेक्टरच्या बाबतीत लक्षात ठेवून पुढच्याच मिनिटाला सेन्सरच्या बाबतीत मी ते कशी विसरले, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही.

सेन्सर हाताने हलेना. तेव्हा मी एक चपटा स्क्रूड्रायव्हर घेतला, बोल्टचे भोक असलेल्या सेन्सरच्या कानाखाली सरकवला आणि खालून रेटा दिला. पहिल्या रेट्याला काही झाले नाही. दुसऱ्या रेट्याला तो केसभर उचलल्यासारखा वाटला, म्हणून मी जोर वाढवला, आणि वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला. सेन्सरचा वरचा भाग, म्हणजे कान आणि कनेक्टरचे तोंड, माझ्या हातात आला आणि दांडा होता तिथेच राहिला.

शेजारी माझा धाकटा भाऊ टॉर्च धरून उभा होता. त्याने वाकून पाहिले आणि विचारले, "ताई, तुटला का गं?" मी बराच वेळ काही बोलले नाही.

इथे या सेन्सरविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे निर्णय त्यावरच अवलंबून होते. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी होते. पिस्टन वर पोचला हे क्रँक सेन्सर सांगतो, परंतु तो कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या शेवटी, म्हणजे आतला वायू दाबून, वर आला आहे की जळालेला वायू बाहेर टाकून, हे त्याला सांगता येत नाही. ती माहिती कॅमशाफ्ट सेन्सर देतो. कॅमशाफ्टवर खाचा किंवा दात असलेली एक चकती असते आणि सेन्सरचे टोक तिच्यापासून साधारण मिलिमीटरभर अंतरावर असते. माझ्या गाडीतला सेन्सर हॉल प्रकारचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा, तीन तारांचा आहे: एक पुरवठ्याची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. म्हणजे आत अडकलेला तुकडा कुठल्या तरी बंद पोकळीत नव्हता, तर फिरणाऱ्या चकतीच्या तोंडाशी होता आणि तिथून पलीकडे थेट इंजिनाचा आतला भाग होता.

हे सगळे मला त्या दिवशीही माहीत होते. तरीही मी दुसरी चूक केली. तुटलेला वरचा भाग कनेक्टरला जोडून बाजूला बांधला, बॅटरी जोडली आणि इंजिन सुरू तरी होते का ते पाहिले. स्टार्टर नेहमीपेक्षा बराच वेळ, चार-पाच सेकंद फिरला आणि मग इंजिन सुरू झाले. कॅम सेन्सरचा सिग्नल नसला की अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर केवळ क्रँक सेन्सरच्या आधारे अंदाज बांधून इंजिन चालवतो, तर काही गाड्या सुरूच होत नाहीत. माझी गाडी सुरू झाली, पण तिने चेक इंजिनचा दिवाही लावला, आणि अडकलेल्या तुकड्याच्या कडेने ऑइलचा एक टपोरा थेंब वर आला. दहा सेकंदांतच इंजिन बंद केले. तो तुकडा त्या दहा सेकंदांत आत सरकला असता तर ही गोष्ट फार वेगळी झाली असती. असे कोणीही करू नये.

रविवारी सकाळी लांब नाकाच्या पक्कडीने तुकडा पकडून ओढायचा प्रयत्न केला. तुटलेली कड वर दोनएक मिलिमीटर डोकावत होती. पक्कड आवळली की तेवढाच भाग चुरा होऊन येत होता. तीनदा असे झाल्यावर धरायला काही उरलेच नाही आणि काठोकाठ सपाट झालेल्या त्या काळ्या गोलाकडे पाहत मी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकना फोन लावला. मी सगळे सांगितले, इंजिन सुरू केल्याचेसुद्धा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ताई, आधी हातातली पक्कड खाली ठेवा."

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे नवा सेन्सर हातात येईपर्यंत जुना तुकडा काढायचा नाही, कारण सध्या तोच त्या भोकाचे बूच आहे. भोक उघडे राहिले तर धूळ आत जाणार आणि दहा-बारा दिवस ते झाकून ठेवायची चिंता वेगळी. दुसरी म्हणजे इंजिन पुन्हा सुरू करायचे नाही. तिसरी गोष्ट ऐकून मला खरे वाईट वाटले: हे सेन्सर वर उचलायचे नसतात, आधी फिरवायचे असतात. बोल्ट काढल्यावर सेन्सर जागच्या जागी उजवीकडे-डावीकडे थोडा थोडा वळवायचा, गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबायचे, पुन्हा वळवायचे. कडक झालेली ओ-रिंग आणि भोकाच्या भिंतीवर साचलेला ऑइलचा चिकट थर यांची पकड एकदा सुटली की तो हाताने वर येतो. "कानाखाली स्क्रूड्रायव्हर घातला की कान तुटणारच," ते म्हणाले, "आमच्या पोरांकडूनही तुटतो."

गाडी त्यांच्याकडे न्यायची तर ती उचलून न्यावी लागणार होती. सेन्सर सोडून नुसत्या मजुरीचा त्यांचा अंदाज सेन्सरच्या किमतीच्या सुमारे दीडपट होता आणि गाडी नेण्याचा खर्च त्याहून वेगळा. त्यांनीच सुचवले की घाई नसेल तर घरीच करून पाहा, अडलात तर मी येतो. तुकडा कसा काढायचा तेही त्यांनी सविस्तर सांगितले. भोकावर मी स्वच्छ कापड ठेवले, त्यावरून चिकटपट्टी लावली आणि बोनेट बंद केले.

सोमवारी सेन्सर मागवला आणि इथे पाच दिवस वाया गेले. विक्रेत्याच्या पानावर मी गाडीचे मॉडेल आणि वर्ष निवडले, एकच सेन्सर दिसला, तो घेतला. गुरुवारी तो आला तेव्हा पाकीट उघडून मी तुटलेला भाग त्याच्या शेजारी धरला. कनेक्टरच्या तोंडातली खाच वेगळ्या बाजूला होती. त्याच वर्षात मध्येच इंजिनात बदल झाला होता आणि दोन वेगळे सेन्सर वापरले गेले होते. त्याहून गंभीर बाब मला नंतर कळली: दोन्हींच्या दांड्यांच्या लांबीत सुमारे तीन मिलिमीटरचा फरक होता. टोक आणि चकती यांच्यात अंतरच मिलिमीटरभर असताना तीन मिलिमीटर जास्त लांबीचा सेन्सर आवळला असता तर तो चकतीवर आपटला असता. कनेक्टर बसला नाही हे माझे नशीब.

गंमत अशी की योग्य क्रमांक पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होता. तुटलेल्या वरच्या भागावरची काजळी कापडाने पुसली तेव्हा खाली दहा आकडी क्रमांक कोरलेला दिसला. सुटा भाग मागवताना आधी जुन्या भागावरचा क्रमांक वाचावा, मग तो गाडीच्या चेसिस क्रमांकावरून ताडून पाहावा. मॉडेल आणि वर्ष यांवर विसंबू नये.

परत करण्याची प्रक्रिया कंटाळवाणी होती, पण ज्यांच्यावर ती वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते. विजेचे सुटे भाग पाकीट फोडल्यावर परत घेतले जात नाहीत, अशी अट त्यांच्या नियमांत होती, आणि पाकीट फोडल्याशिवाय कनेक्टर पाहता येत नव्हता. पहिला अर्ज याच कारणाने नाकारला गेला. दुसऱ्या अर्जात मी तीन छायाचित्रे जोडली: जुना आणि नवा भाग शेजारी शेजारी, नव्या सेन्सरच्या पिना, ज्यांवर कनेक्टर लावल्याचा एकही ओरखडा नव्हता, आणि त्यांच्याच पानावर माझ्या गाडीसाठी हाच भाग सुचवलेला दिसत होता ते दृश्य. तिसरे छायाचित्र उपयोगी पडले असावे, कारण दोन दिवसांनी होकार आला. पाठवणीचा खर्च मला सोसावा लागला आणि पैसे अकराव्या दिवशी परत मिळाले. तोवर वाट न पाहता मी दुसरा सेन्सर मागवला होता.

दुसऱ्या वेळी चेसिस क्रमांक देऊन मागवले. हा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. माझी नोंद दोनदा चुकीची ठरली, कारण शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ टंकित होते. या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे वापरलीच जात नाहीत, नेमकी एक आणि शून्य यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे गोल दिसले की ते शून्यच समजावे. यादीत तीन दर्जांचे सेन्सर होते: गाडीच्या कंपनीच्या वेष्टनातला, त्याच प्रकारचा पण स्वतंत्र उत्पादकाचा, आणि अगदी स्वस्त. मी मधला घेतला. अगदी स्वस्त सेन्सर काही महिन्यांत चुकीचे सिग्नल देऊ लागला तर हेच काम पुन्हा करावे लागेल, या भीतीने माझा निर्णय झाला. किमतीचा हिशेब सांगायचा तर, ज्या ओ-रिंगसाठी हा खटाटोप सुरू केला तशा सुमारे सत्तर ओ-रिंगा त्या पैशांत आल्या असत्या.

बाराव्या दिवशी, बुधवारी, सेन्सर आला. क्रमांक जुळला, खाच जुळली. कामाला मात्र शनिवारपर्यंत हात लावला नाही, कारण संध्याकाळी थकून, विजेच्या प्रकाशात हे काम करायची माझी इच्छा नव्हती.

पंधराव्या दिवशी सकाळी सगळे साहित्य जुन्या चादरीवर मांडले. हाताने फिरवायचे लहान ड्रिल, अडीच मिलिमीटरचे बारीक ड्रिल बिट, लाकडात बसवतात तसला चार मिलिमीटरचा स्क्रू, घट्ट ग्रीस, चिमटा, लाकडाचा एक सपाट ठोकळा, घरातला व्हॅक्यूम क्लीनर आणि पांढरे कापड. सर्वांत आधी मी नव्या सेन्सरच्या दांड्याची कानापासून टोकापर्यंतची लांबी मोजली. त्या लांबीच्या निम्म्या अंतरावर ड्रिल बिटवर आणि स्क्रूवर रंगीत चिकटपट्टी गुंडाळली. पट्टीच्या पुढे काहीही आत जाऊ द्यायचे नाही, असा नियम ठरवला.

आदल्या रात्री तुकड्याच्या कडेने स्प्रे मारून ठेवला होता. इंजिन गरम करून काढावे, ॲल्युमिनियम फुगते आणि तुकडा ढिला होतो, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचला होता. मला तो पटला नाही. उष्णतेने प्लॅस्टिकही फुगते, पुष्कळदा ॲल्युमिनियमपेक्षा जास्तच, आणि मुळात गरम करण्यासाठी इंजिन सुरू करावे लागले असते.

बिटच्या टोकाला ग्रीसचा गोळा लावला. चुरा त्या ग्रीसला चिकटतो आणि आत पडत नाही. भावाने व्हॅक्यूमची नळी भोकाच्या अगदी जवळ धरली. हाताने ड्रिल फिरवायला सुरुवात केली तेव्हा दोन-तीन मिनिटे काहीच होत नसल्यासारखे वाटले, मग बिट रुतले आणि काळ्या-करड्या रंगाचा पिठूळ चुरा ग्रीसमध्ये गोळा होऊ लागला. दर काही फेऱ्यांनी बिट काढून पुसायचे, नवे ग्रीस लावायचे आणि पुन्हा उतरायचे, असे पाऊण तास चालले. दाब देण्याचा मोह आवरणे सर्वांत कठीण होते. जोर लावला असता तर तुकडा खाली सरकला असता. वजन न देता, बिटला त्याच्या गतीने कापू द्यायचे होते.

पट्टीपर्यंत भोक पडल्यावर स्क्रू हाताने फिरवला. जाड स्क्रू घातला तर दांडा आतून फुगतो आणि भिंतीला आणखी घट्ट बसतो, म्हणून आधी बारीक भोक आणि मग बेताचा स्क्रू. पाच-सहा आटे बसल्यावर मी मेकॅनिकनी सांगितलेले केले, म्हणजे स्क्रूचे डोके पक्कडीत धरून ओढले नाही, तर वळवले. उजवीकडे काही नाही. डावीकडे काही नाही. पुन्हा उजवीकडे वळवले तेव्हा कर्र असा ओला आवाज आला आणि काळा गोल किंचित फिरला. तो आवाज ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, पण बोलायची हिंमत कोणाचीच झाली नाही. पुढची पाच मिनिटे नुसते इकडून तिकडे वळवत राहिले. मग हेडवर लाकडी ठोकळा ठेवला, पक्कडीची कड त्यावर टेकवून सरळ वरच्या दिशेने उचकटले, आणि दांडा एखाद्या बुचासारखा पुक् करून बाहेर आला. त्याच्यावरची ओ-रिंग रबराची राहिलीच नव्हती. नखाने दाबली तर ती काचेच्या बांगडीसारखी टिचकली.

आनंद अर्धा मिनिट टिकला. पांढऱ्या कापडावर मी दांडा, वरचा भाग आणि पक्कडीने निघालेला रविवारचा चुरा, जो सुदैवाने डबीत जपून ठेवला होता, असे सगळे मांडले आणि तुटक्या भांड्याचे तुकडे जुळवावेत तसे जुळवू लागले. टोकाचा भाग शाबूत होता, त्यातले चुंबक जागेवर होते. परंतु तुटलेल्या कडेवर एका ठिकाणी करंगळीच्या नखाएवढी कपची कमी पडत होती. प्लॅस्टिक असल्यामुळे चुंबकाने शोधता येणार नव्हते. ती आत पडली असेल तर ऑइलबरोबर वाहत खालच्या टाकीत जाईल आणि पंपाच्या जाळीपाशी अडकेल, किंवा वाटेतच कुठल्या तरी मार्गात अडकून बसेल. दुसरी शक्यता मला विचारात घ्यायचीच नव्हती. टॉर्च लावून भोकातून पाहिले तर चकतीचा एक दात आणि ऑइलची चकाकी एवढेच दिसले. हेडचे कव्हर उघडायचे का, या विचारात मी खाली बसले.

भाऊ मात्र उठून व्हॅक्यूमचा कचऱ्याचा डबा घेऊन आला. तो आम्ही सकाळी रिकामा करून घेतला नव्हता, ही चूकच होती. त्या आठवड्याभराच्या केरात आम्ही पाऊण तास चिमट्याने शोधत होतो. कपची केसांच्या गुंत्यात सापडली. तिच्या एका बाजूला ग्रीस होते. कापडावर नेऊन कडेला लावली तेव्हा ती अचूक बसली, आणि तेव्हाच मी हातमोजे काढून पाणी प्यायले. आपण कधी असे काम कराल तर व्हॅक्यूमचा डबा आधी धुऊन, पुसून कोरा करून घ्या.

पुढचे काम सरळ होते. भोकाची भिंत धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसली. तिथे पॉलिश पेपर वापरू नये, त्याची कणी थेट इंजिनात जाते. नवा सेन्सर बसवण्यापूर्वी बॅटरी तात्पुरती जोडून कनेक्टरवर मल्टिमीटर लावून पुरवठा तपासला. इग्निशन चालू असताना पुरवठ्याची आणि अर्थची तार यांच्यात पाच व्होल्ट मिळाले. काही गाड्यांत इथे बॅटरीएवढे व्होल्टेज असते, म्हणून आपल्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका पाहावी. मीटरची जाड टोके कनेक्टरच्या आत दाबू नयेत, आतल्या पट्ट्या फाकतात आणि मग नवा सेन्सर असूनही जोड ढिला राहतो. ओ-रिंगवर स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट फिरवले आणि सेन्सर अंगठ्याने सरळ आत दाबला. तो पूर्ण बसेपर्यंत बोल्टला हात लावला नाही, कारण बोल्टने ओढून बसवायला गेले तर नवा कानही तसाच तुटतो. पुस्तिकेप्रमाणे हा बोल्ट १० न्यूटन-मीटर एवढाच आवळायचा होता. माझ्याकडचा टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना, चाकांच्या नटांसाठीचा होता आणि त्याचे माप ३० पासूनच सुरू होत होते. मोठ्या पान्यावर अंदाजाने दहा काढता येत नाही, म्हणून मेकॅनिककडून लहान पाना मागून आणला होता.

बॅटरी पुन्हा जोडली. घड्याळ शून्यावर आले, रेडिओने सांकेतिक क्रमांक मागितला. तो हाताशी लिहून ठेवलेला असावा. चावी फिरवली आणि इंजिन नेहमीसारखे, पहिल्या सेकंदातच सुरू झाले. चेक इंजिनचा दिवा अर्थातच तसाच होता. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर लावला तर पी०३४० हा एकच कोड होता, कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमधील बिघाडाचा, म्हणजे पहिल्या दिवशीच्या माझ्या दहा सेकंदांचा. तो नोंदवून घेतला आणि मग पुसला. कोड पुसला की गाडीची उत्सर्जनाशी संबंधित अंतर्गत चाचण्यांची नोंदही पुसली जाते आणि ती पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचे नेहमीचे चालवणे लागते. माझ्या गाडीला चार दिवस लागले. प्रदूषण तपासणीची तारीख जवळ आली असेल तर हे लक्षात ठेवून काम आधीच उरकावे.

सेन्सरभोवतीची जागा पुसून कोरडी केली होती. पहिल्या वीस किलोमीटरनंतर, मग शंभरनंतर आणि मग पाचशेनंतर तिथे पांढरा कागद दाबून पाहिला. तिन्ही वेळा कागद कोरा निघाला. लहान पाना परत द्यायला गेले तेव्हा मेकॅनिकनी तुटका दांडा हातात घेऊन त्यातले भोक उलटसुलट करून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "भोक सरळ पडलंय."

मी ज्या ओ-रिंगसाठी बोनेट उघडले होते ती अजून पाकिटातच आहे. नव्या सेन्सरवर त्याची स्वतःची ओ-रिंग बसवूनच आलेली होती.